आचाऱ्याला भूक लागत नाही

आप्पा,

तुम्हाला लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. आपण दोघं जन्मभर अहिराणीत बोललो, शाळेतल्या मराठीत तुमच्याशी बोलायची वेळ कधी आलीच नाही. पण लिहायला मला हीच भाषा येते, तेव्हा चालवून घ्या. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आज दुपारी काकू माझ्या दुकानात आली होती. लग्नांत तुमच्याबरोबर बट्ट्या वळायला यायची तीच, तुम्हाला सख्ख्या भावासारखं ‘भाऊ’ म्हणणारी. आता थकली आहे, पण बोलणं तसंच. धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला तपासून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलंय, ते सांगायला आली होती. स्टुलावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “आज भाऊ ऱ्हाता ते भलता खूश व्हता.” मग जरा थांबून, पाऊस का पडला नाही हे विचारावं तितक्या सहज तिनं विचारलं, “मन्हं दुखनं तुले समजनं, मंग भाऊनं दुखनं कसं नही समजनं वं?” तिच्या मनात काही नव्हतं, आप्पा. तिला खरंच माहीत नाही. मी म्हटलं, “काकू, चहा लेशी का?” ती चहा पिऊन गेली. तिचा प्रश्न मात्र गेला नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मला आधी तुम्ही धडधाकट होतात ते दिवस आठवू द्या. रनाळ्यातच नाही, आसपासच्या दहा गावांत लग्न ठरलं की मुहूर्ताच्या पाठोपाठ तुम्हाला निरोप यायचा. आदल्या दिवशी जाऊन तुम्ही जागा बघायचात, वारा कुठून येतो ते पाहून चुलीचा चर खणायला लावायचात. उजाडायच्या सुमाराला डाळ चढलेली असायची. काकू आणि चारपाच बाया परातीत कणकेचे गोळे वळतायत, वळलेल्या बट्ट्या वाफवायला जातायत, वाफवलेल्या कापून कढईत पडतायत, एकीकडे वांगी घोटली जातायत, आणि तुम्ही मध्ये उभे, कमरेला पंचा, हातात लांब झारा. वरणाचा एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचे. मग कुणाकडेही न बघता ओंजळभर मीठ टाकायचं किंवा टाकायचं नाही. पंगती उठल्या की वरबाप आग्रहाला यायचा, आचारी, आता तुम्ही बसा. तुम्ही हात जोडायचात. “आचारीले भूक नही लागस. धूरमाच पोट भरी जास.” सगळे हसायचे. घरी आल्यावर मात्र तुम्ही आंघोळ करून आईच्या हातच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर खायचात, वर कांदा बुक्कीनं फोडून. तो कांदा फोडल्याचा आवाज आला की आई म्हणायची, आले भूक नसलेले.

मी नंदुरबारला फार्मसीचा डिप्लोमा करत होते तेव्हाची गोष्ट. सुट्टीत घरी आले होते. शेजारची बाई पोट दुखतं म्हणत दारात आली आणि मी ऐटीत पिशवीतली एक गोळी काढून दिली. तुम्ही ओट्यावर लसूण सोलत होतात. ती गेल्यावर तुम्ही लसूण बाजूला ठेवलात. “कव्हयपाईन दुखस, कोठे दुखस, काय खादं, काही इचारं का तिले?” मी म्हटलं, साधी गोळी आहे आप्पा, तिनं काही होत नाही. तुम्ही माझ्यावर असे कधी चिडला नव्हतात. “मी भाजी करस ते पयले इचारस, माणसं कितला शेत. तू न इचारताच औषध दी टाकं!” मी रुसून आत गेले. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. आणि त्याच तुम्ही, मी पास झाल्यावर, कुठल्याशा लग्नात मानाचं मिळालेलं पांढरं कापड गावातल्या शिंप्याकडे नेऊन माझा ॲप्रन शिवून आणलात. त्याला ॲप्रन ठाऊक नव्हता, त्यानं तो सदऱ्यासारखा शिवला आणि खिसा उजव्या बाजूला लावला. मी तो पहिली दोन वर्षं रोज घातला. नंदुरबारच्या बसस्टँडजवळ ज्या मेडिकलमध्ये मला नोकरी लागली तिथले मालक हसायचे. मी हसू द्यायचे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तुळशीचं लग्न लागलं आणि लग्नसराई सुरू झाली. पहिलंच लग्न ब्राह्मणपुरीला. माझी सुट्टी होती म्हणून मी बसनं तिकडेच आले. मला बघताच तुम्ही बोलावलंत. “ये वं, मीठ चाखी पाय.” मला वाटलं थट्टा करताय. पण तुम्ही माझ्या तळहातावर थेंब ठेवलात आणि तोंडाकडे बघत राहिलात. मी म्हटलं, थोडं कमी आहे. तुम्ही स्वतः चाखलं नाहीत. मी म्हटलं तेवढं मीठ टाकलंत. काकू परातीतून मान वर करून ओरडली, “भाऊनी गादी पोरीले दिधी!” सगळ्या बाया हसल्या, मीही हसले. मुलगी असूनही माझ्या जिभेवर तुम्ही दोनशे माणसांची पंगत सोपवलीत, या आनंदात मी तो दिवस काढला. पुढच्या लग्नातही तसंच. त्याच्या पुढच्याही. मी नसले की तुम्ही काकूला चाखायला लावत होतात, हे मला नंतर कळलं. वरणाच्या वाफेनं तुम्हाला मळमळत होतं. तुपाचा डबा उघडला की तुम्ही तोंड फिरवत होतात. जिभेवर जगलेला माणूस चाखणं टाळत होता, आणि मी त्याला माझा मान समजले.

घरी कांदा फुटायचा बंद झाला तो त्याच महिन्यात. तुम्ही ताटावर बसायचात, दोन घास खायचात आणि ताट सरकवायचात. “दोन घासमाच पोट भरी जास,” म्हणायचात. आई काळजीत पडली की तुमचं ठरलेलं वाक्य यायचं, आचारीले भूक नही लागस. आता ते वाक्य तुम्ही घरात म्हणत होतात, जिथं आधी कधी म्हणायची गरज पडली नव्हती. एवढी साधी गोष्ट मला ऐकू आली नाही. तुम्ही छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात हात ठेवून म्हणालात की इथं दगड ठेवल्यासारखं वाटतं, आणि मी दुसऱ्या दिवशी ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी आणली. गोळ्यांनी तुम्हाला बरंही वाटलं, तेच वाईट झालं. पट्टी संपली की मी दुसरी आणायचे. कधी गोळी, कधी ते गुलाबी पातळ औषध. सात महिने, आप्पा. दुकानात येणारा माणूस तीनदा तीच गोळी मागायला आला की मालक त्याला सांगायचे, डॉक्टरला दाखव. तुम्ही दुकानात येत नव्हतात. मीच तुमच्याकडे येत होते, त्यामुळे तुम्हाला ते सांगणारं कुणी नव्हतं.

आईनं तुमच्या पायजम्याची नाडी एक वीत आत ओढून कापली. सदऱ्याची कॉलर मानेभोवती फिरायला लागली. आईनं मला एकदा चुलीपाशी बसवलं. “एक दिन यास्ले जेवताना बठीसन पाय,” ती म्हणाली. “तू औषध दी जास, पन तू पाहतच नही.” मी म्हटलं, सराईची दगदग आहे, उन्हाळा सरला की भरून येतील. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मला येत होतं, म्हणून ती गप्प बसली.

आणि आता ते, जे काकूला माहीत नाही, आईलाही शेवटपर्यंत माहीत नव्हतं. एका रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात धुणं धूत होते. तुम्ही आलात, माझ्याकडे पाठ करून लिंबाच्या झाडाकडे बघत उभे राहिलात. “पोरी, तुले एक सांगानं व्हतं.” मी म्हटलं, सांगा ना. तुम्ही लिंबाचं एक पान तोडून बोटांत चुरगाळलंत. मग म्हणालात, “संडासले काळी व्हई ऱ्हायनी. डांबरनागत. वास बी भलता येस.” मला आठवतं, मी मान खाली घातली आणि कपडा जोरात घासायला लागले. बापानं मुलीला हे सांगावं आणि मुलीनं बापाला आणखी विचारावं, दोन्ही मला जमण्यासारखं नव्हतं. किती दिवसांपासून, एकदाच की रोज, चिकट असते का, उठलं की घेरी येते का. हे सगळं मला विचारता येत होतं. मी म्हटलं, “काही काळं खादं व्हई.” तुम्ही ‘हां’ म्हणालात आणि घरात गेलात. हे सांगायला तुम्ही किती दिवस हिंमत गोळा केली असेल, याचा विचार मी तुम्ही गेल्यानंतर केला.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी आई म्हणाली, यांचे डोळे पांढरे पडलेत, चार पायऱ्या चढले की धाप लागते. मी तुमची खालची पापणी ओढून बघितली, रक्त कमी आहे म्हटलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. रक्त कुठे जातंय हे विचारलं नाही. महिन्यानं तुम्ही पुन्हा एकदा, तसेच पाठ करून, म्हणालात की अजून तसंच आहे. मी या वेळी हसले. लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच आप्पा, आमच्या पुस्तकात आहे. पुस्तकात आहे हे खरं. पण तुमचं काळं होणं गोळ्यांच्या आधीचं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. आधी काय आणि नंतर काय, एवढं जुळवलं असतं तरी पुरे होतं. पुढे डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी गोळ्यांचं सांगितलं. नातेवाईकांनी विचारलं तेव्हाही. इतक्या वेळा सांगितलं की मध्ये काही वर्षं मलाच ते खरं वाटत होतं.

प्रकाशा गावात तापीकाठी भंडारा होता. देवळाचं काम म्हणून तुम्ही नाही म्हणाला नाहीत. मी दुपारी पोहोचले तेव्हा तुम्ही देवळाच्या भिंतीला टेकून खाली बसला होतात आणि काकू पदरानं वारा घालत होती. पातेलं उचलायला वाकलात आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, असं ती म्हणाली. तेवढ्यात तुम्हाला उलटी झाली. काकूनं पाणी ओतता ओतता खाली बघितलं आणि माझ्या दंडाला धरलं. “हाऊ कालना भात शे,” ती हळूच म्हणाली. “जसाना तसा.” आदल्या दिवशी खाल्लेला भात तुमच्या पोटातून पुढे सरकलाच नव्हता. मी फार्मसी शिकलेली आणि ती बट्ट्या वळणारी, पण त्या क्षणी ती जे बघत होती तेच मी बघितलं. मला उभ्या उभ्या सात महिने एका ओळीत दिसले. न चाखलेलं वरण, दोन घास, नाडी, धाप, डांबर, भात.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि एकामागून एक विचारायला सुरुवात केली. भूक मेली आहे का? थोडं खाल्लं की पोट भरतं का? वजन किती उतरलं? संडास काळी होते का? उलटीत जुनं अन्न पडतं का? असे काही फार अवघड प्रश्न नव्हते. प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे होतं. मग त्यांनी विचारलं, “हा त्रास कधीपासून आहे?” मी तोंड उघडायच्या आत तुम्ही माझ्याकडे बघितलंत. माझ्या अंगावर तो उजव्या खिशाचा ॲप्रन होता, दुकानातून तशीच आले होते. तुम्ही डॉक्टरांकडे वळलात आणि सांगितलंत, “साहेब, पंधरा-वीस दिन व्हयनात.” डॉक्टरांचा विश्वास बसला नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी धुळ्याला दाखवायची चिठ्ठी लिहून दिली. बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसलात आणि एवढंच म्हणालात, “मी खोटं बोलनू ते तुनी आईले सांगू नको.”

धुळ्याला तोंडातून दुर्बीण घालून बघितलं. जठर जिथं संपतं तिथं, बाहेर पडायच्या वाटेवरच गाठ होती. यकृतावरही डाग होते. मी डॉक्टरांना दाराबाहेर गाठून विचारलं, सहा महिने आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, “तेव्हा गाठ कदाचित काढता आली असती. नक्की कुणालाच सांगता येणार नाही.” ते मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणाले की ते खरंच तसं आहे, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही. कधी मी पहिल्या वाक्याला धरून बसते, कधी दुसऱ्या.

पुढचे अडीच महिने तुम्ही पुढच्या खोलीत खाटेवर होतात. पुढच्या सराईतल्या लग्नांचे निरोप घेऊन लोक यायचे आणि खाटेकडे बघून निरोप न देताच बसून जायचे. एक दिवस, दुपार कलली होती, तुम्हाला काहीतरी खावंसं वाटलं. आईनं ज्वारीची पातळ आंबील केली आणि मी चमच्यानं भरवायला बसले. तुम्ही दोन चमचे घेतलेत, डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग तुम्ही म्हणालात, “मीठ कमी शे.” मी उठून मीठ आणलं, ढवळलं, पण पुन्हा तुम्ही तोंड उघडलं नाहीत. त्यानंतर चार दिवसांनी, आई दळण आणायला गेली असताना, तुम्ही गेलात. मी तुमच्या उशाशीच होते. घरात तोवर कुणी रडलं नव्हतं, आई आल्यावर रडलो.

तुमच्यानंतर काही वर्षांनी मी नोकरी सोडून रनाळ्यात स्वतःचं दुकान टाकलं, बाजाराच्या वाटेवर. आईही त्याच सुमारास गेली. दुकानात सगळ्यात जास्त खपतं ते पोटाचं औषध, ते तुमच्या वेळी होतं तसंच आहे. पण माझ्याकडे गोळी मागितली की आधी प्रश्न येतात. कधीपासून? पट्टी कितवी? घास गळ्याशी अडकतो का, आधी भाकरी अडकायची आणि आता पातळही अडकतं असं झालंय का? कपडे सैल झाले का? रक्त, काळी संडास, डोळ्यांना पिवळेपणा? लोक वैतागतात. मला वकिलीणबाई म्हणतात, पलीकडच्या दुकानात जातात. शंभरातल्या बहुतेकांना खरंच तिखट बाधलेलं असतं, आणि मी तसं त्यांना सांगतेही, उगाच घाबरवत नाही. पण दोनतीन आठवडे गोळी खाऊन जात नाही ते दुखणं मी गोळीवर ठेवत नाही. मागे एकदा सातपुड्यातून ऊसतोडीला उतरलेलं एक जोडपं आलं. नवऱ्याचं बोलणं मला नीट कळेना, त्याची बायको मोडक्या मराठीत म्हणाली, तो फक्त पेज पितो, भाकर खाली उतरत नाही. मी चिठ्ठी लिहून सरकारी दवाखान्यात पाठवलं, तिथल्या ओळखीच्या नर्सला फोन केला. महिन्यानं ती एकटीच परत आली, चिठ्ठी मला परत द्यायला. अन्ननलिकेचं होतं, उशीर झाला होता. चिठ्ठी परत द्यायची नसते हे तिला ठाऊक नव्हतं. ती मी ठेवून घेतली.

आणि मग काकू. दोन वर्षांपूर्वी, होळी तोंडावर आली होती. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. काकू काउंटरशी वाकून कुजबुजली, “मूळव्याधनी ट्यूब दे.” मी म्हटलं, काकू, ही तिसरी. तर ती म्हणाली, “तू मोज नको, दे.” मी तिला हाताला धरून आतल्या खोलीत आणलं, खोक्यावर बसवलं आणि बाहेरच्या बोंबा ऐकू येत असताना विचारत राहिले.

“रगत पडस का?”

“मूळव्याध म्हनजे रगत पडावच.”

“लाल, का काळपट?”

“मी काय तठे देखत बठस का?”

“संडासले साफ व्हस का?”

आता तिनं दाराकडे बघून घेतलं. “एक दिन कडक, एक दिन पातळ. जाई येस तरी वाटस, अजून जानं शे.”

“कव्हयपाईन?”

“दिवाळीपाईन.”

“मूळव्याध शे असं कोनता डॉक्टरनी सांगं?”

“डॉक्टरले काय दाखाडू मी? हाई वयमा? लाज नही वाटस का?”

तिच्या पोलक्याच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या. ते मी त्या क्षणी पाहिलं, आणि माझा आवाज चढला. “काकू, लाज मन्हा बापले बी वाटनी व्हती. माले बी वाटनी व्हती,” मी म्हटलं. पुढचं मी तिला सांगितलं नाही. मग तिनं पदर खोचला आणि म्हणाली, “चाल मंग.” बाजाराच्या दिवशी भर दुपारी मी शटर ओढलं. लोक ओरडत होते, वकिलीणबाई, कुठे निघालात? नंदुरबारला डॉक्टरांनी आधी बोटानं तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मग धुळ्याला दुर्बीण, मग तुकडा काढून तपासायला. मूळव्याध नव्हती. मोठ्या आतड्याच्या खालच्या टोकाला गाठ होती, पण तिथंच थांबलेली, बाहेर कुठे गेलेली नव्हती. ऑपरेशन झालं. काही महिने तिच्या पोटावर पिशवी लावली होती. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला पदर उचलून दाखवायची, “देखा, माले खिसा लाई दिधा.” पुढे ती पिशवीही निघाली. मागच्या महिन्यात शेजारच्या लग्नात ती परातीपाशी बसून पोरींना बट्टी वळायला शिकवत होती. तिला मी वाचवलं असं गाव म्हणतं. मी काही केलं नाही, आप्पा. मी फक्त विचारलं.

हे पत्र मी कुणाला देणार नाही, आणि द्यायला आता उरलंय तरी कोण? काकूला वाचून दाखवलं तर ती रडेल आणि मला जवळ घेईल, ते मला नको आहे. कागदाच्या घड्या करून पाकिटात घालणार आहे, पाकिटावर काही लिहिणार नाही. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. काकूचं ऑपरेशन संपलं त्या दिवशी मी तिच्या मुलीबरोबर बाहेरच्या बाकावर होते. डॉक्टर आले आणि म्हणाले, गाठ पूर्ण निघाली. मुलीनं मला मिठी मारली. “ताई, तुमनामुळे मन्ही माय वाचनी,” म्हणत ती हुंदके देत होती, आणि माझे हात तसेच खाली लोंबत होते. मला आनंद झाला नाही. राग आला. त्या मुलीचा आला, आत निजलेल्या काकूचा आला, की हिची माय वाचली. मी म्हटलं, औषधं घेऊन येते, आणि जिना उतरून फाटकाबाहेर टपरीवर जाऊन बसले. अर्ध्या तासानं वर गेले तेव्हा मुलीनं विचारलं, मिळाली का औषधं? मी म्हटलं, गर्दी होती. औषधं आणायची नव्हतीच, आप्पा.